कोल्हापुरी ऑनलाइन विकताना: माप, रंग आणि हिशेब कोणाच्या हाती?

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा आपण सगळे संतापलो. संताप योग्यच होता. पण चर्मकार आणि ढोर समाजाच्या पिढ्यांच्या श्रमाला दाम मिळायचा, तर विक्रीची वही कारागिराच्या हातात हवी. आज ही वही म्हणजे ऑनलाइन दुकान. तिथे तरुणांनी मदत करावी, म्हणून हे थोडे सविस्तर.

कारागीर कुटुंबांसोबत काम करताना आम्हाला एक चूक वारंवार दिसते. एक फोटो, एक किंमत आणि खाली ‘सर्व साइज उपलब्ध’. ऑर्डर येते ८ नंबरची, घरात असतो ७ आणि ९. ग्राहक रागावतो, चप्पल परत येते आणि दोन्ही वेळचा कुरिअर खर्च कारागिराच्या माथी बसतो.

यावर उपाय म्हणजे प्रकारांची नीट मांडणी.

१. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी हे वेगवेगळे घाट आहेत. प्रत्येकाचे पान वेगळे ठेवा. एका पानावर फक्त माप आणि रंग बदलू द्या.

२. ५ मापे आणि २ रंग म्हणजे १० प्रकार. प्रत्येकाला स्वतःचा कोड द्या, उदा. ‘कापशी-८-काळा’. तोच कोड खोक्यावर लिहा आणि प्रत्येक कोडचे जोड वेगळे मोजा.

३. मापासोबत पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. कंपनीगणिक नंबर बदलतो, सेंटिमीटर बदलत नाही.

४. किंमतही प्रकारानुसार ठरवा. मोठ्या मापाला चामडे जास्त लागते. वेण्या जास्त असतील तर मजुरीही जास्त धरा. अनेक घरांत हे बारीक काम बाया करतात आणि तेच हिशेबातून सुटते.

५. व्हॉट्सअ‍ॅप, प्रदर्शन आणि ऑनलाइन दुकान यांचा साठा एकाच तक्त्यात ठेवा. नाहीतर शेवटचा जोड दोनदा विकला जातो. तयार नसलेला प्रकार ‘ऑर्डरनंतर बनवून मिळेल’ असा दाखवा आणि लागणारे दिवस स्पष्ट लिहा.

रेक्झिनची चप्पल मात्र ‘आणखी एक प्रकार’ म्हणून त्याच पानावर घालू नका. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील हाती बनवलेल्या चामडी चपलेला आहे. मानांकनाचे चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तो अर्ज भरायलाही मदत करा.

शेवटचे आणि महत्त्वाचे: दुकानाचा पासवर्ड आणि बँक खाते कारागिराचेच असू द्या. आपण शिकवायचे आणि बाजूला व्हायचे. नाहीतर जुन्या दलालाच्या जागी आपणच नवे दलाल होऊ.