खेळ आणि विद्या

मुलगा खेळात रमला की शिक्षणाचे काय, ही चिंता घरोघरी असते. लंडनमध्ये १९९४ साली नायजेरियन कुटुंबात जन्मलेल्या मारो इटोजे याने दोन्ही साधले. रग्बी युनियनच्या पंधरा खेळाडूंत आघाडीचे आठ. भिडण्याचा व चेंडू मिळवण्याचा मुख्य भार त्यांच्यावर. मारो त्यांपैकी एक. सॅरासेन्स क्लबकडून व्यावसायिक सामने खेळत असतानाच तो लंडन विद्यापीठाच्या सोआस संस्थेत राज्यशास्त्र शिकत होता. २०१४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा वीस वर्षांखालील संघ जगज्जेता झाला. २०१६ मध्ये तो युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही त्याने पदवी पूर्ण केली. शरीरबळ हे सरते भांडवल; एक दुखापत ते हिरावू शकते. विद्येची पुंजी मात्र टिकते.