पांढरं निशाण आणि सरकारी दप्तर

धर्मसुधारणेतून इंग्रजांना मिळालेलं आव्हान म्हटलं की पंजाबातले नामधारी, म्हणजे कुका शीख, आठवतात. गुरू रामसिंगांनी 1857 साली भैणीला पंथ उभा केला आणि सरकारी कोर्ट, टपाल, विलायती कापड वर्ज्य केलं. जानेवारी 1872 मध्ये मालेरकोटल्याला साठाहून अधिक कुकांना तोफेच्या तोंडी दिलं, गुरूंची रवानगी रंगूनला झाली. छत्तीसगडमधल्या रायपूर भागातल्या सतनामी पंथावर तोफा डागल्या गेल्या नाहीत. त्याची झुंज जमीन आणि दप्तराशी होती, म्हणूनच ती पुसट राहिली. मला ती तितकीच चिवट वाटते.

गिरौदपुरीचे घासीदास (जन्म 1756) दुसऱ्याच्या शेतावर राबणारे, अस्पृश्य ठरवलेल्या जातीतले. त्यांनी सांगितलं: मूर्ती नको, जातिभेद नको, सतनाम तेवढं खरं. मांस, दारू, तंबाखू सोडा. गायीला नांगराला जुंपू नका, दुपार झाली की औत सोडा. हा नांगर धरणाऱ्याने घडवलेला धर्म होता. गावोगाव जैतखाम, म्हणजे पांढऱ्या निशाणाचे खांब, उभे राहिले.

तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, हे मराठी वाचकाने विसरू नये. बिंबाजी भोसले 1787 मध्ये वारल्यावर इथे नागपूरहून सुभेदार येऊ लागले आणि त्यांची वसुली रयतेला जाचली. 1818 नंतर इंग्रजांनी कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं, 1854 मध्ये राज्यच खालसा केलं.

घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी अनुयायांना जानवं दिलं. 1860 मध्ये त्यांचा खून झाला. त्याच दशकात नव्या बंदोबस्ताने मालगुजारांना गावांचे मालक केलं. बरी-वाईट जमीन ठरावीक काळाने सगळ्यांत फिरवून वाटण्याची ‘लाखाबाटा’ ही जुनी रीत त्या मालकीपुढे टिकणं कठीण होतं. बेगार मात्र चालूच राहिली. खालसा मुलखाच्या कागदांत सतनामींची नोंदही जुन्या, हिणवणाऱ्या जातिनामानेच होत राहिली.

विसाव्या शतकात रायपूरजवळच्या राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा सतनामींच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यापेक्षा वेगळ्या वाटेने आले बाबा रामचंद्र. मूळचे श्रीधर बळवंत जोधपूरकर, ग्वाल्हेर संस्थानातले मराठी ब्राह्मण. जात लपवून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून फिजीला गेलेला हा माणूस परतल्यावर अवधच्या किसान आंदोलनाचा पुढारी झाला, तुरुंगात गेला आणि पुढे सतनामींच्या संघटनेच्या, सतनामी महासभेच्या कामात उतरला. आपल्या चरित्रकोशांनी त्याला अधिक जागा द्यायला हवी होती. गुरू, महंत, भंडारी, साटीदार ही पंथाची उतरंड आधीपासून होती. महासभेने तिला नियमांची, अर्जांची, कायद्याची भाषा दिली. कुकांनी सरकारी कचेरीकडे पाठ फिरवली, सतनामी तिच्याच कागदावर हक्क मागायला गेले.

1926 मध्ये मध्य प्रांत सरकारने ‘सतनामी’ हे नाव मान्य केलं. विहिरीवरचा विटाळ त्याने संपला नाही. पंथाचे गुरू अगमदास 1952 मध्ये लोकसभेत गेले. त्यांच्या निधनानंतर पत्नी मिनीमाता निवडून आल्या. छत्तीसगडच्या त्या पहिल्या महिला खासदार. 1972 च्या विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत त्या अस्पृश्यतेविरुद्ध लढत राहिल्या.