जुन्या गाडीचे पेट्रोल कुठे जाते?

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक वर्षे काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून प्रीमियर पद्मिनी गाड्या धावत. लोक त्यांना ‘फियाट’च म्हणत. या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून त्यांची सेवा संपली. तरी अशा कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या काही घरांत आजही जपून ठेवलेल्या आहेत. गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली, की लोक म्हणतात, “इंजिन गेले!” इंजिन खोलण्याचा खर्च मोठा असतो. पण दोष खरोखर तिथेच असतो का?

प्रथम मोजमाप करावे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. काही दिवस गाडी चालवून टाकी पुन्हा तेवढीच भरावी. समजा, गाडी २४० किलोमीटर चालली आणि २० लिटर पेट्रोल लागले. २४० भागिले २० म्हणजे लिटरला १२ किलोमीटर. यालाच ‘अॅव्हरेज’ म्हणतात.

आता कारणे शोधू या. सुरुवात स्वस्त उपायांनी करावी. चाकांत हवा कमी असेल, तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. ब्रेक चाकाला घासत राहिला, तरी तसेच होते. हवेची जाळी धुळीने भरली, की इंजिनाला हवा कमी मिळते. मग सर्व पेट्रोल नीट जळत नाही आणि काळा धूर निघतो. अशा वेळी स्पार्क प्लगवर काजळी साचते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर पेट्रोल ठीक जळत आहे असे समजावे. पेट्रोलचा वास आला, तर गळती असू शकते. तेव्हा जवळ काडी पेटवू नये, मेकॅनिकला बोलवावे.

भाईंदरहून काशीमिरा नाक्यामार्गे मुंबईला निघालेली गाडी वाहतूक कोंडीत थांबते. इंजिन चालू असल्याने पेट्रोल जळते. किलोमीटर मात्र वाढत नाहीत. हा दोष गाडीचा नव्हे. जास्त वेळ थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा मोजावे. म्हणजे कोणत्या उपायाने गुण आला, ते कळते. पैसा वाचतो, धूरही कमी होतो.

स्वाध्याय
१. हवेची जाळी भरल्यावर काळा धूर का निघतो?
२. एक गाडी १८ लिटर पेट्रोलमध्ये २५२ किलोमीटर चालली. तिचे अॅव्हरेज काढा.