कंपवात आणि घरी येणारी नर्सबाई

आपल्या सोनपेठ तालुक्यात एखाद्या ओट्यावर असा म्हातारा तुम्ही पाहिला असेल. हात मांडीवर असतो, पण अंगठा आणि बोट आपोआप हलतात. जणू तो वाती वळतो आहे. उठायला वेळ लागतो. पावले लहान पडतात. चेहऱ्यावर हसू उमटत नाही. लोक म्हणतात, "म्हातारपण आलं, दुसरं काय?" कुणी करणीसुद्धा म्हणतात.

हे नुसते म्हातारपण नव्हे, आणि करणी तर मुळीच नव्हे. हा कंपवात. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी त्यावर छोटे पुस्तक लिहिले, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार असेही म्हणतात. आपल्या मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य तयार होते. त्याच्या जोरावर हालचाल सुरळीत चालते. ते तयार करणाऱ्या पेशी मरू लागल्या की हे दुखणे दिसू लागते. लेव्होडोपा हे औषध ती तूट बरीचशी भरून काढते. झुडपांवर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. पण म्हणून बिया कुटून खाऊ नका. किती औषध पोटात गेले ते कळत नाही.

औषध तर आहे. मग अडते कुठे? समजा, मुलगा वडिलांना एस.टी.ने परभणीला घेऊन गेला. नंबर येण्याआधी त्याने गोळी दिली. डॉक्टरांपुढे म्हातारा नीट चालून दाखवतो. डॉक्टर म्हणतात, "छान आहे, हेच चालू ठेवा." दहा मिनिटांत काम झाले. पण पहाटे, रात्रीच्या गोळीचा जोर उतरल्यावर, हाच म्हातारा न्हाणीच्या उंबऱ्याशी खिळल्यासारखा उभा राहतो आणि पडतो. ते दवाखान्यात कसे दिसावे?

घरी आलेल्या नर्सबाईला ते दिसते. ती विचारते, "आबा, गोळी कशासंगं घेता?"

"दुधासंगं घेतो, बाई. पोटात आग पडू नये म्हणून."

चूक इथेच सापडली. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिने या औषधाच्या आड येतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यावी. मग बाई उंबऱ्यापुढे खडूने रेघ ओढते. "आबा, ही रेघ ओलांडा." खिळलेला पाय पुष्कळदा उचलतो! मळमळीसाठी कुणी मेटोक्लोप्रमाइडची गोळी दिली असेल, तर तेही ती डॉक्टरांना कळवते. त्या गोळीने कंप वाढतो.

इंग्लंडमध्ये अशा खास नर्सबाईंची परीक्षाच घेतली गेली. सुमारे १,८०० रोगी, दोन वर्षे. २००२ साली निकाल छापला. दुखणे काही हटले नाही, हे खरे. पण बाई येत होत्या त्या रोग्यांना आपण बरे आहोत असे जास्त वाटले, आणि खर्च वाढला नाही. मला हा निकाल लहान वाटत नाही.

तरी बाई डॉक्टरांची जागा घेत नाही. रोग ओळखणे आणि गोळी कमीजास्त करणे हे डॉक्टरांचे काम. गोळी एकदम बंद तर कधीच करू नये. त्याने जीवावर बेतते.

या आजाराचे खास शिक्षण घेतलेल्या नर्सबाई आपल्याकडे फार थोड्या. उपकेंद्रातल्या बाईंना आणि आशाताईंना मात्र घरी बोलावता येते. आणि आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, पाय केव्हा अडले, केव्हा पडले, एवढेच रोज लिहा. दवाखान्यात जाताना ती वही पिशवीत घ्या.