प्रतिसाद, ख्रिस्ती उपासनेतील
ख्रिस्ती सामुदायिक उपासनेत धर्मगुरूच्या प्रार्थनेस वा आवाहनास उपासकमंडळी एकमुखाने देतात ती ठरावीक उत्तरे. ‘आमेन’ (हिब्रू; अर्थ ‘तसेच असो’) हा प्राचीन प्रतिसाद ज्यू उपासनेतून आला. मिस्सातील प्रार्थनेच्या अखेरीस सर्व लोक तो उच्चारीत, असे संत जस्टिन यांनी इ. स. १५५ च्या सुमारास नमूद केले आहे. या संमतीमुळे एकट्या धर्मगुरूने म्हटलेली प्रार्थना समुदायाची ठरते. पुढे लोकांना लॅटिन समजेनासे झाल्यावर प्रतिसाद बहुधा वेदीसेवकांकडे गेले व उपासक मूक राहिले. अँग्लिकन पंथाने १५४९ च्या प्रार्थनाग्रंथाद्वारे ते इंग्रजीत आणले. रोमन कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांना मुभा दिली. त्यानंतर वसईतील मराठीभाषक धर्मग्रामांत ते मराठीतून पुन्हा लोकांच्या मुखी आले.