टू-डी इको : ‘ईएफ ५५’ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका

मुलुंड : शहापूर, मुरबाडकडचे पेशंट टू-डी इकोसाठी मुलुंड, घाटकोपर गाठतात. रिपोर्ट हातात आला की आधी ‘ईएफ’चा आकडा बघायचा. ५५ असला की लोकल पकडून घरी.

पण मायट्रल झडप जोरात गळत असेल तर हाच आकडा फसवतो. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळका असला की पाणी परत विहिरीत उतरतं, तसं इथं रक्त फुप्फुसाच्या बाजूला मागे फिरतं. म्हणून दम लागतो. ईएफ म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रिकामा होतो ते. त्यात मागे गेलेलं रक्तही धरलं जातं! आकडा चांगला दिसतो, हृदय मात्र थकत असतं.

बिघाड झडपेतच असून गळती ‘सिव्हिअर’ लिहिली असेल, तर ईएफ ६० किंवा त्याखाली आला, नाहीतर डावा कप्पा आवळलेला असतानाही ४० मिलिमीटर किंवा जास्त रुंद दिसला, की त्रास नसतानाही डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. उशीर झाला तर झडप नीट करूनही हृदय कमजोर राहू शकतं.

जुने रिपोर्ट फेकू नका. कप्पा वाढतोय का, हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले तरच डॉक्टरांना दिसतं.