लिनक्स बसलं, पण लॅपटॉप ऐकेना

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलसाठी ६४ बिट लिनक्सची शिफारस असते. घरच्या लॅपटॉपवर विंडोज असतं आणि तेही हवंच असतं. म्हणून संगमनेर, लोणी, कोपरगावकडची मुलं दोन्ही एकत्र बसवतात. इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडतं, रीस्टार्ट होतं आणि समोर थेट विंडोज!

अशा वेळी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात रात्र जाते. खरं तर लिनक्स डिस्कवर व्यवस्थित असतं. घोळ बहुतेकदा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, म्हणजे यूईएफआय फर्मवेअरमध्ये असतो. बटण दाबल्यावर आधी जागं होतं ते हे फर्मवेअर. चिपमधल्या नोंदी वाचून कोणती सिस्टिम सुरू करायची, हे तेच ठरवतं. काही कंपन्यांचं फर्मवेअर लिनक्सची नोंद पुसून टाकतं किंवा विंडोजची नोंद परत वर आणून ठेवतं.

नोव्हेंबर २०१२मध्ये लिनक्स डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपचं फर्मवेअर तपासलं. नोंदीवर ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ असं नाव असेल तरच ते तिला पुढे जाऊ देत होतं. बिचारं फेडोरा लिनक्स दारातच अडलं. वास्तविक हे नाव फक्त माणसाला मेनू वाचता यावा म्हणून असतं. त्यावरून निवड करणं ही सरळसरळ चूक होती.

एसरच्या अनेक लॅपटॉपवर वेगळीच तऱ्हा. तिथे आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये (बायोसमध्ये) सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो. तेव्हा कुठे लिनक्स सुरू करणारी ‘शिम’ ही फाइल विश्वासू म्हणून निवडण्याचा पर्याय उघडतो.

सगळं जमल्यावरही धक्का बसू शकतो. १३ ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित बूटलोडरना, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमना, मनाई करणारी यादी फर्मवेअरमध्ये नोंदवली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना ती लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. तरी अनेकांचं लिनक्स बंद पडलं. फक्त विश्वासू बूटलोडर चालू देणारी ‘सिक्युअर बूट’ ही फर्मवेअरमधली तपासणी तात्पुरती बंद करून ती यादी काढावी लागली. मात्र सिक्युअर बूटला हात लावण्याआधी विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवायलाच हवी, नाहीतर विंडोजही कुलूपबंद होऊन बसू शकतं.

घड्याळाचा घोळ त्यामानाने किरकोळ. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज ते स्थानिक वेळ समजून वाचतं. त्यामुळे अहिल्यानगरात दुपारचे अडीच वाजले असताना विंडोज सकाळचे नऊ दाखवतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक कमांड दिली की हा साडेपाच तासांचा फरक मिटतो.